आधी ऐका, मग ठरवा

जून २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात न्या. एम. दंडपाणी यांच्यासमोर अटकपूर्व जामिनाचा एक अर्ज आला. अर्जदार होता मदन कुमार, म्हणजेच यूट्यूबवरचा ‘टॉक्सिक मदन १८+’. पबजी खेळता खेळता त्याचे थेट प्रक्षेपण करायचे, हरणाऱ्याची टर उडवायची, बायका-मुलींविषयी घाणेरडे बोलायचे आणि पाहणाऱ्यांनी त्यावर खदखदून हसायचे, असा त्याचा एकूण कार्यक्रम. वकील बाजू मांडायला उभे राहिले तेव्हा न्यायमूर्तींनी त्यांना सांगितले की, आधी या माणसाचे बोलणे ऐका आणि मग युक्तिवाद करा. ते बोलणे ऐकून न्यायमूर्ती स्वतः हादरले होते. १८ जूनला धर्मपुरीत मदनला अटक झाली आणि पुढच्याच महिन्यात त्याच्यावर गुंडा कायदाही लावण्यात आला.

त्याचे सात-आठ लाख वर्गणीदार होते आणि त्यांत शाळकरी मुलांचा भरणा मोठा होता. पबजीवर केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजीच बंदी घातली होती, तरी त्याचा खेळ आडवाटेने चालूच होता. चेहरा दिसत नसे, फक्त आवाज. आणि नावातच ‘१८+’! तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला तो आकडा पाहून मागे फिरावेसे वाटेल, अशी कल्पना ज्यांनी कधी मुले वाढवली नाहीत तेच करतील. त्या वयात तो आकडा म्हणजे आमंत्रणच.

गेमिंगचे प्रँक व्हिडिओ मुलांनी पाहावेत की नाही, हा प्रश्न आज घरोघरी पडतो आणि बहुतेक घरांत त्याचा निकाल चित्रावरून लागतो. पडद्यावर रंगीत ठोकळ्यांची घरे, डुकरे-मेंढ्या दिसल्या तर आई म्हणते, असू दे, लहान मुलांचेच आहे. बंदूक दिसली की बाबा म्हणतात, बंद कर ते आधी. दोघांचेही चुकण्याचीच शक्यता जास्त. ठोकळ्यांच्या खेळावर किळसवाणे बोलणे चालू असू शकते, आणि बंदुकीच्या खेळात चार मित्र एकमेकांना सांभाळून घेत असतात. या व्हिडिओंमधला खरा मजकूर चित्रात फारसा नसतोच, तो आवाजात असतो. आणि आवाज तर मुलाच्या कानातल्या हेडफोनमध्ये बंद.

या प्रश्नाचे एक रूप चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैसारख्या ठिकाणी फार स्पष्ट दिसते. चेन्नईहून बेंगळुरूकडे निघालेल्या महामार्गावर, श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे हे गाव आहे. सिपकॉट या सरकारी महामंडळाची औद्योगिक वसाहत, १९९८ मध्ये सँट्रो बाहेर आणणारा ह्युंदाईचा कारखाना आणि त्याच्याभोवती सुट्या भागांचे कारखाने. मराठी वाचकाला हे नाव अगदीच परके राहिलेले नाही, कारण तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घ्यायचा करार ह्युंदाईने २०२३ मध्ये केला आणि मोटारधंद्यातल्या माणसांच्या बदल्यांच्या नकाशावर पुण्याशेजारी श्रीपेरुंबुदूरही आले. अशा नोकऱ्यांसाठी देशभरातून कुटुंबे इथे येतात. घरातले मोठे माणूस पाळीच्या वेळांना बांधलेले असते. मूल कॉलनीत खेळता खेळता वर्षाच्या आत तमिळ उचलते. आईवडिलांची तमिळ मात्र भाजी, रिक्षा आणि ‘किती झाले’ यापुढे सरकत नाही.

आता हे मूल तमिळ गेमरचे व्हिडिओ पाहू लागले की घरात काय होते? मुलाला सगळे कळते, घरच्यांना काहीच नाही. शेजारी बसूनही उपयोग नाही. एखादा माणूस उत्साहाने ओरडतो आहे, हसतो आहे, एवढेच ऐकू येते. तो शिवी देतो आहे की शाबासकी, हे कळायला मार्ग नाही. मदनचे बोलणे अशा घरात स्पीकरवर चालू असते, तरी कोणी भुवई उंचावली नसती. हीच गोष्ट उलट्या बाजूनेही घडते. तमिळ घरातले मूल हिंदी गेमर पाहते तेव्हा त्याची आजी अशीच चाचपडते. पुण्या-नाशिकच्या घरात अमेरिकन इंग्रजीत भरधाव बोलणाऱ्या गेमरसमोर मराठी आजोबांची गत यापेक्षा वेगळी नसते. मुलांवर लक्ष ठेवा, असे सांगणाऱ्या प्रत्येक सल्ल्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते की, लक्ष ठेवणाऱ्याला भाषा कळते. परमुलखात राहणाऱ्या कुटुंबांसाठी तो सल्ला तिथेच अडतो.

त्यावर उपाय आहे आणि तो साधा आहे. कॉलनीतल्या तमिळ शेजारणीला पाच मिनिटे तो व्हिडिओ ऐकवायचा आणि विचारायचे, अक्का, हा काय बोलतो आहे? त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मुलाच्या शाळेच्या वहीतले तमिळ अक्षर तिच्याकडून समजून घेता येते, तर हे का नाही?

मुळात प्रँक म्हणून काय काय दाखवले जाते, ते जवळून पाहायला हवे, कारण या एका नावाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. सगळ्यांत निरुपद्रवी प्रकार माइनक्राफ्टचा. चार-पाच मित्र एकाच सर्व्हरवर खेळत असतात. त्यांतल्या एकाने तासन् तास खपून डोंगराच्या कुशीत घर बांधलेले असते. तो खेळात नसताना दुसरा जमिनीखालून बोगदा काढतो, घराच्या पायात टीएनटीचे ठोकळे रचतो आणि दाराजवळ पाय ठेवला की स्फोट होईल अशी कळ बसवतो. मग तो टेकडीआड लपतो आणि कुजबुजत आपल्याला सांगतो की, आता हा येईल. मित्र येतो, दार उघडतो, धडाम! एक क्षण शांतता, मग हसू, मग ‘थांब, तुझ्या घराचं काय करतो बघ’ अशी धमकी. पुढच्या भागात खरोखरच त्याचे घर लाव्हाखाली जाते. यात दोघे एकमेकांना ओळखतात, दोघांची ताकद सारखी आहे आणि फजिती आलटून पालटून दोघांच्याही वाट्याला येते. बोगदा कुठून काढायचा, कळ कशी जोडायची याचे डोकेही त्यात आहे. नऊ-दहा वर्षांच्या मुलाने हे पाहिले तर काळजीचे कारण नाही, बोलणे स्वच्छ असले म्हणजे झाले.

दुसरा प्रकार पाहताना मात्र अंगावर काटा येतो. फ्री फायर किंवा पबजीच्या जागी आलेल्या बीजीएमआयसारख्या खेळांत अनोळखी खेळाडूंशी जोडी जमते आणि माइक चालू असतो. मुलांच्या भाषेत हा अनोळखी म्हणजे ‘रँडम’. गेमर आवाज बदलणारे ॲप लावून मुलीच्या आवाजात बोलतो. समोरचा आवाज अजून फुटलेलाही नसतो, दहा-अकरा वर्षांचा असावा. गेमर त्याला गोड बोलून भुलवतो, तुला खेळातले डायमंड देते म्हणतो, ‘आय लव्ह यू म्हण’ म्हणतो. पोरगा आधी लाजतो, मग म्हणतो. त्यावर गेमर आपल्या खऱ्या, जाड्या आवाजात खिंकाळतो. पडद्यावर हसणाऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडतो. पोरगा गडबडून विचारतो, ‘भैया, डायमंड?’ आणि पुन्हा हशा. कधी कधी तो रडतो. ते रडणे थंबनेलवर येते, कारण रडण्याला प्रेक्षक जास्त मिळतात.

त्या पोराला कुणी विचारले नव्हते. हजारो लोक आपला आवाज ऐकत आहेत, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याच्या घरच्यांना तर आजही ठाऊक नसेल. पाहणाऱ्या मुलाला यातून दोन गोष्टी एकदम शिकायला मिळतात. एक म्हणजे आपल्याहून लहान, भोळ्या मुलाला फसवणे ही हुशारी आहे. दुसरी अधिक धोक्याची. अनोळखी आवाजाने बक्षिसाचे आमिष दाखवून प्रेमाचे बोलायला लावणे ही मुलांना जाळ्यात ओढणाऱ्या गुन्हेगारांची नेहमीची रीत आहे आणि इथे ती गंमत म्हणून सवयीची होते. हा प्रकार कुठल्याच वयाच्या मुलासाठी योग्य नाही. सोळाचे असो वा सहाचे.

तिसरा प्रकार घरातला. भावाची खेळातली आयडी उडवली असे खोटेच सांगायचे, वर्षभर जमवलेल्या स्किन, म्हणजे खेळातले पोशाख, गेल्या म्हणायचे आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर धरून ठेवायचा. लहान भाऊ हुंदके देतो, आई धावत येते, मग ‘प्रँक है, प्रँक है’. बाहेरच्या जगात याचे टोक २०१७ मध्ये दिसले. अमेरिकेतल्या मेरिलँडमध्ये ‘डॅडीओफाइव्ह’ नावाच्या चॅनलवर आईवडीलच मुलांना खोट्या आरोपांनी रडवत, त्यांच्यावर ओरडत आणि त्या व्हिडिओंवर पैसे कमावत. न्यायालयाने त्या दांपत्याला पाच वर्षे देखरेखीखाली ठेवले आणि दोन मुलांचा ताबा त्यांच्याकडून गेला. जानेवारी २०१९ मध्ये यूट्यूबने आपल्या नियमांत स्पष्ट लिहिले की, गंभीर इजा होईल असे वाटायला लावणारे आणि मुलांना तीव्र मानसिक त्रास देणारे प्रँक चालणार नाहीत. नियम चांगला आहे. पण तमिळ, मराठी, भोजपुरी थेट प्रक्षेपणात रात्री अकरा वाजता कोणते पोर रडते आहे, हे त्या नियमाला आपोआप ऐकू येत नाही. कुणीतरी तक्रार करावी लागते.

खोड्यांशी मराठी घराचे वैर नाही. ना. धों. ताम्हनकरांच्या गोट्याला दोन-तीन पिढ्यांनी जीव लावला आणि चारुहास पंडित-प्रभाकर वाडेकरांच्या चिंटूच्या उचापती लोकांनी वर्षानुवर्षे रोज सकाळी वाचल्या. चिंटूची खोडी कुणाच्या अंगाशी येते? बहुतेक वेळा चिंटूच्याच. त्याच्या उचापतींवर हसताना कुणाला खाली पाहावे लागत नाही. प्रँक व्हिडिओसमोर बसल्यावर असेच तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. फजिती कुणाची होते आहे, त्याला आधी किंवा निदान नंतर विचारले का, आणि त्याला उलट फजिती करता येते का? तिन्हींची उत्तरे नीट मिळाली तर मुलाला हसू द्यावे, आपणही हसावे.

वयाचे शिक्के पाहून हा प्रश्न सुटेल, अशी आशा अनेकांना असते. शिक्के खेळांना असतात, व्हिडिओंना नाही, ही त्यातली मेख. माइनक्राफ्टला युरोपच्या पेगी या संस्थेने ७ वर्षांचा शिक्का दिला आहे, ‘जीटीए ५’ला १८ चा. पण भारतात ‘जीटीए ५’चे कितीतरी हिंदी व्हिडिओ लहान मुलांच्याच चवीचे बनतात. कार्टूनमधल्या शिनचॅनला त्या खेळात आणून बसवलेले असते, तो आणि खेळातला फ्रँकलिन मिळून गाड्या पळवतात, बंगले बांधतात, एकमेकांची फजिती करतात. दुसरी-तिसरीतली मुले ते कार्टून समजून पाहतात. मूळ खेळ गुन्हेगारी जगावरचा, प्रौढांसाठीचा आहे, हे त्यांच्या घरी अनेकदा माहीतही नसते. त्यांतले काही व्हिडिओ खरोखर साळसूद असतात आणि काहींत शेवटी पोलिसांना चिरडण्याचीच मौज असते. मूळ खेळाचा शिक्का मात्र दोन्हींमागे एकच.

भारतात २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी यू, यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए अशी वर्गवारी आणली, पण ती नेटफ्लिक्ससारख्या ओटीटी सेवांच्या मालिका-चित्रपटांसाठी. यूट्यूबवर कुणीही चढवलेला व्हिडिओ तिच्यात येत नाही. अमेरिकेत मुलांची माहिती गोळा केल्याबद्दल सप्टेंबर २०१९ मध्ये गूगल-यूट्यूबला १७ कोटी डॉलरचा दंड झाला. त्यानंतर प्रत्येक व्हिडिओ मुलांसाठी आहे की नाही, हे चढवणाऱ्याने सांगण्याची पद्धत आली. ‘मुलांसाठी’ म्हटले की लक्ष्य साधून दाखवायच्या जाहिराती बंद आणि प्रतिक्रियाही बंद, म्हणजे कमाई घटणार. मग शिनचॅन दाखवणारा गेमर ‘हे मुलांसाठी नाही’ अशी खूण करतो, त्यात नवल काय? सगळे मुलांसाठी बनवायचे आणि कागदोपत्री मुलांसाठी नाही म्हणायचे, ही लबाडी आहे आणि ती उघड्या डोळ्यांनी चालू दिली जाते.

अशा व्हिडिओंतले पुष्कळ प्रँक आधी ठरवून केलेले असतात. रडणारा भाऊ नाटक करतो, ‘रँडम’ हा गेमरचाच मित्र असतो. मोठ्यांना ते दोन मिनिटांत कळते. लहान मुलाला कळत नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अभ्यासगटाने २००४ मध्ये जाहिरातींबद्दल सांगितले होते की, आठ वर्षांखालच्या मुलांना समोरचा आपल्याला काही विकू पाहतो आहे, हे ओळखता येत नाही. जाहिरात ओळखू न शकणारे मूल रचलेला प्रँक कसा ओळखेल? त्याच्या लेखी भाऊ खरेच रडला आणि दादा खरेच हसला. म्हणून आठ वर्षांखालच्या मुलांना फसवणुकीवर बेतलेले व्हिडिओ, मग ते कितीही गोड असोत, एकट्याने पाहू देऊ नयेत. आठ ते बारा या वयात मित्रामित्रांतले, खेळाच्या आतच राहणारे प्रँक चालतील. तेरानंतर बंदीपेक्षा बोलणे जास्त उपयोगी पडते आणि त्यासाठी आधी घरच्यांनी ते ऐकलेले असावे लागते.

गंमत खेळाबाहेर सांडली तर काय होते, याचे सगळ्यांत भीषण उदाहरण अमेरिकेतल्या विचिटा शहरातले आहे. २८ डिसेंबर २०१७ रोजी ‘कॉल ऑफ ड्यूटी’ खेळताना दोघांत दीड डॉलरच्या पैजेवरून भांडण झाले. एकाने दुसऱ्याला धडा शिकवायला तिसऱ्याला गाठले. त्या तिसऱ्याने लॉस एंजेलिसमधून पोलिसांना खोटा फोन केला की, अमुक घरात खून झाला आहे आणि माणसे ओलीस धरली आहेत. पत्ता जुना होता. पोलिसांनी त्या घराला वेढा घातला तेव्हा त्या खेळाशी सुतराम संबंध नसलेला, दोन मुलांचा बाप असलेला २८ वर्षांचा माणूस बाहेर आला आणि गोळीला बळी पडला. फोन करणाऱ्याला मार्च २०१९ मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. गेमरच्या घरी खोटे बोलावून पोलीस पाठवण्याची ही ‘गंमत’ त्याआधी कित्येक थेट प्रक्षेपणांत लोकांनी टाळ्या वाजवत पाहिली होती.

खेळाबाहेरच्या जगात धोका खरा असतो, हे दाखवणारी एक आणखी गोष्ट इरुंगाट्टुकोट्टैलाच आहे, मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा शर्यतीचा मार्ग. पूर्वी या क्लबच्या शर्यती शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर होत, नंतर इथे सुमारे ३.७ किलोमीटरचा स्वतंत्र मार्ग झाला. तिथे परवाना लागतो, हेल्मेट आणि चामडी पोशाखाची तपासणी होते, वळणावळणावर झेंडे घेतलेले मार्शल उभे असतात, रुग्णवाहिका तयार असते. एवढे असूनही ५ ऑगस्ट २०२३ रोजी बेंगळुरूच्या एका १३ वर्षांच्या स्पर्धकाचा तिथे पडून मृत्यू झाला. त्या आठवड्यातल्या उरलेल्या शर्यती क्लबने रद्द केल्या. वेगाची किंमत काय असते, हे जाणणाऱ्या जागेवरही असे घडते.

दीडच महिन्यानंतर, १७ सप्टेंबरला, त्याच चेन्नई-बेंगळुरू महामार्गावर कांचीपुरमच्या पुढे दामलजवळ टीटीएफ वासन हा यूट्यूबर मोटारसायकलचे पुढचे चाक उचलायला गेला आणि उडून पडला. हात मोडला, जीव वाचला. त्याच्या चाहत्यांतली कितीतरी मुले शाळेत जाणारी होती. त्याला अटक झाली, जामीन नाकारताना मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. सी. व्ही. कार्तिकेयन म्हणाले की, त्याने मोटारसायकल जाळून टाकावी आणि चॅनल बंद करावे. त्याचा वाहन परवाना २०३३ पर्यंत रद्द झाला. हा गेमिंगचा व्हिडिओ नव्हता. पण मुलाच्या फोनवर तो गेमिंगच्या व्हिडिओंच्या रांगेतच येतो. खेळातली मोटारसायकल आपटली की पुन्हा उभी राहते आणि वासनही पडून पुन्हा पडद्यावर हसताना दिसतो. शर्यतीच्या मार्गावरचे मार्शल, रुग्णवाहिका आणि तिथे गेलेला जीव त्या रांगेत कुठे दिसत नाही. मुलांना एकदा इरुंगाट्टुकोट्टैची अधिकृत शर्यत दाखवावी. तयारीला किती वेळ लागतो आणि स्पर्धा किती मिनिटांत संपते, हे त्यांनी स्वतः पाहिलेले बरे.

सरसकट बंदीने हे थांबेल, असे मानणाऱ्यांना तमिळनाडूचाच अनुभव सांगावा लागतो. ३ एप्रिल २०१९ रोजी मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने टिकटॉक डाऊनलोड करण्यावर बंदी घालण्याचे आदेश दिले. कुणाचीही अशी थट्टा करणे, त्याला धक्का देणे हा त्याच्या खासगीपणाचा भंग आहे, असेही खंडपीठाने त्यात म्हटले होते आणि ते म्हणणे आजही तितकेच मोलाचे आहे. पण बंदी २४ एप्रिलला उठली. पुढे जून २०२० मध्ये केंद्राने टिकटॉकवर बंदी घातली, तर तेच व्हिडिओ दुसऱ्या ॲपवर गेले. पबजी गेला आणि जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर बंद झाला, फ्री फायर मॅक्स चालूच राहिला. प्रत्येक वेळी खेळाचे नाव बदलले. गेमर तोच, आवाज तोच, ऐकणारी मुलेही तीच.

अशा आवाजाची ताकद महाराष्ट्राने ३१ जानेवारी २०२२ रोजी धारावीत पाहिली. ‘हिंदुस्तानी भाऊ’ म्हणून समाजमाध्यमांवर शिव्यांच्या भाषणांनी नाव कमावलेल्या माणसाने हाक दिली आणि दहावी-बारावीची मुले ऑनलाइन परीक्षेची मागणी करत तत्कालीन शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांच्या घराबाहेर जमली. लाठीमार झाला. त्या मुलांच्या शिक्षकांपैकी, पालकांपैकी किती जणांनी तो आवाज आधी ऐकला होता? मुले ज्याला रोज ऐकतात, त्याच्या शब्दावर रस्त्यावर येतात. मोठ्यांना त्याचे नाव दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात कळते.

म्हणून घरात करायची पहिली गोष्ट म्हणजे आठवड्यातून काही वेळ हेडफोन बाजूला ठेवून व्हिडिओ स्पीकरवर लावणे. सुरुवातीची दोन मिनिटे सगळेच गोड बोलतात, त्यामुळे मधला भाग ऐकावा, विशेषतः गेमर हरतो तेव्हाचा. हरल्यावर माणूस काय बोलतो, त्यावरून त्याची पारख होते. थेट प्रक्षेपण असेल तर बाजूने धावणाऱ्या प्रतिक्रियाही वाचाव्यात आणि पैसे देऊन कोण काय बोलायला लावतो आहे, ते पाहावे. मग मुलाला विचारावे, तुला यात कोण आवडतो आणि का? मुले याची उत्तरे फार प्रामाणिकपणे देतात, फक्त विचारणाऱ्याने फोन हिसकावण्याच्या तयारीत असू नये. फोन हिसकावला की मूल मित्राच्या फोनवर पाहते आणि पुढच्या वेळी कुणी आमिष दाखवले, धमकावले तरी घरी सांगत नाही. ते सांगणे बंद होणे हे कुठल्याही व्हिडिओपेक्षा मोठे नुकसान आहे.

सारा भार घरावर टाकणे मात्र अन्यायाचे आहे. रात्रपाळी करून आलेल्या बापाने सकाळी तमिळ शिव्या शिकाव्यात, ही अपेक्षा कंपन्यांना सोयीची आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये ऑनलाइन गेमिंगबद्दल पालक-शिक्षकांसाठी सूचना काढल्या; त्या किती शाळांच्या पालकसभेत वाचल्या गेल्या, हे मुख्याध्यापकांनी सांगावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्यांना मूल मानले, त्यांच्या पाळतीवर आणि त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींवर मनाई केली. कायद्यातली ही कलमे प्रत्यक्षात उतरताना शिनचॅनवाल्या व्हिडिओंच्या ‘मुलांसाठी नाही’ या खुणेची तपासणी झाली पाहिजे. ज्या भाषेत व्हिडिओवर जाहिराती विकल्या जातात, त्या प्रत्येक भाषेत ते ऐकणारी पुरेशी माणसे कंपनीने नेमलीच पाहिजेत. तमिळमध्ये कमाई करायची आणि तमिळ कळत नाही म्हणायचे, हे चालता कामा नये.

तोपर्यंत तक्रारीचा मार्ग वापरायला हवा. २०२१ च्या नियमांनी मोठ्या समाजमाध्यम कंपन्यांना भारतात तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक केले आहे. तक्रार करताना नुसते ‘वाईट व्हिडिओ’ असे लिहू नये. चॅनलचे नाव, व्हिडिओचा दुवा, कितव्या मिनिटाला कोणत्या भाषेत काय बोलले गेले आणि फसवला गेलेला आवाज लहान मुलाचा आहे, एवढे नेमके लिहावे. मुलाला धमकावले किंवा लैंगिक बोलायला लावले असेल तर १०९८ या मुलांच्या मदतक्रमांकावर आणि सायबर पोलिसांकडे जावे. मदन पकडला गेला तो लोकांनी ढीगभर तक्रारी केल्या म्हणून. इरुंगाट्टुकोट्टैच्या कॉलनीत मराठी, तमिळ, तेलुगू, हिंदी बोलणाऱ्या चार आया एकाच जिन्यात राहतात. चौघींनी मिळून मुलांच्या फोनवरची चार चॅनले ऐकली तर त्यांच्यापुढे एकही भाषा अनोळखी उरत नाही.